आंदणात गेलेले सोलापूर आणि विजयनगर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पाककृती मागितली असती तर एका बैठकीत चार लिहून दिल्या असत्या. पण गेल्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर आम्ही घरची पाच माणसे हंपीला जाऊन आलो. तेथे जे पाहिले, आणि परत आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणून जे वाचले, ते काही केल्या मनातून जाईना. तेच येथे जमेल तसे सांगते.

सोलापूरहून विजापूर, गदग करीत होस्पेटला आगगाडीने जाता येते. तेथून हंपी जेमतेम तेरा किलोमीटर. आपणा सोलापूरकरांना कानडी काही परकी नाही, त्यामुळे कोठे अडले नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात आणि मग एकाएकी मोठमोठ्या शिळांचे डोंगर दिसू लागतात. एखाद्या मुलाने खेळताना खडे एकावर एक रचून ठेवावेत, तशा त्या घरासारख्या शिळा रचलेल्या आहेत. मधून तुंगभद्रा वाहते. याच ठिकाणी 1336 मध्ये हरिहर आणि बुक्क या दोघा भावांनी विजयनगरचे राज्य उभे केले आणि ते येथून सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालले. 1443 मध्ये आलेल्या अब्दुर रझाक या इराणी वकिलाने शहराला एकात एक अशी सात कोटांची वेटोळी असल्याचे लिहिले आहे. 1520 च्या सुमारास, कृष्णदेवरायाच्या काळात आलेल्या पोर्तुगीज पेसला हे शहर रोमएवढे वाटले. आज तेथे दगडी चौथरे, मंडप आणि गवत आहे. एकटे विरूपाक्षाचे देऊळ मात्र आजही नांदते आहे. तेथे रोज पूजा होते, घंटा वाजते.

आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी दिली होती. त्या वारकरी. कृष्णदेवरायाने विठोबाची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथमहाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरीला आणली, ही कथा त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढीला सांगितली होती. "तिथल्या विठ्ठलाला लाव," एवढेच त्या म्हणाल्या.

विठ्ठलाच्या देवळाकडे जायला बॅटरीची गाडी आहे. ती एक तरुण मुलगी सफाईने चालवत होती. आवारात शिरताच तो दगडी रथ समोर येतो. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर आपण 2017 पासून ज्याचे चित्र पाहतो, तोच हा. खरे म्हणजे तो रथ नसून रथाच्या आकाराचे गरुडाचे देऊळ आहे. पुढचा मंडप पाहताना मान दुखली, तरी डोळे काढवेनात. मग गाभाऱ्यापाशी गेले आणि थबकले. आत काहीच नव्हते. मूर्ती नाही, समई नाही, फूल नाही. पुडी हातात तशीच राहिली. शेवटी मी सर्वांच्या कपाळी चिमूट चिमूट बुक्का लावला आणि रिकाम्या गाभाऱ्याला नमस्कार करून बाहेर आले.

घरी आल्यावर सासूबाईंना भीतभीतच सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो आपल्याकडे आला ना, मग तिथे कसा असेल?" त्यांच्या श्रद्धेपुढे मी काय बोलणार? पण एवढे मोठे नगर ओस का पडले, हा प्रश्न मला सोडीना. मंडपातले तुटलेले दगड भानुदासांच्या कथेने उलगडत नव्हते.

पुस्तकांतून समजले ते असे. 23 जानेवारी 1565 रोजी कृष्णेकाठी मोठी लढाई झाली. तिला तालिकोटची लढाई म्हणतात. एका बाजूला विजयनगरचा सर्व कारभार हाती असलेला वृद्ध रामराय, दुसऱ्या बाजूला अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर येथले सुलतान. रामराय मारला गेला. त्याचा भाऊ तिरुमल हत्तींवर खजिना लादून आणि नावाचा राजा सदाशिवराय याला बरोबर घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेला. मागे राहिलेले नगर उघडे पडले आणि कित्येक महिने लुटले, जाळले गेले. राज्य पुढे दुसरीकडून काही काळ चालले, पण राजधानी पुन्हा कधी उठली नाही.

आमच्या वाटाड्याने ही हकीकत हिंदू-मुसलमानांची लढाई म्हणून दोन वाक्यांत संपवली. धर्माचा भाग त्यात होताच, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण याच रामरायाने त्याआधी कधी अहमदनगरशी हातमिळवणी करून विजापूरवर, तर कधी विजापूरशी करून अहमदनगरवर फौजा नेल्या होत्या. त्याच्या सैन्यात मुसलमान सरदारही होते. शेजाऱ्यांच्या भांडणात आज याची, उद्या त्याची बाजू घेणाऱ्याला वाटते की आपण फार हुशार. पण एक दिवस ते शेजारी एक होतात आणि त्याच्याच दाराशी येऊन उभे राहतात. हे समजायला आपणा गृहिणींना पोथी लागत नाही.

आता ते शेजारी एक झाले कसे, ते ऐका. अहमदनगर आणि विजापूर यांचे जुने भांडण होते ते आपल्या सोलापूरच्या किल्ल्यावरून! चाळीसेक वर्षांपूर्वी विजापूरची एक मुलगी अहमदनगरला दिली, तेव्हा सोलापूर आंदणात द्यायचे कबूल केले होते. ते दिले नाही म्हणून लढाया झाल्या. पुढे विजयनगरविरुद्ध एकी करायची ठरल्यावर अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्या आंदणात घातले. विजापूरची मुलगी उलट अहमदनगरला सून म्हणून गेली. अशी साटेलोटे पद्धतीने ही युती पक्की झाली.

आंदणात सोलापूर घेऊन गेलेली ती मुलगी म्हणजे चांदबिबी. लग्नाच्या वेळी तिचे वय चौदा-पंधराच्या आसपास असावे. त्या मांडवात काय शिजत होते ते तिला कोणी विचारले किंवा सांगितले असेल असे मला वाटत नाही. पुढे हीच चांदबिबी 1595-96 मध्ये अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी लढली. 1600 मध्ये स्वतःच्याच माणसांच्या हातून तिचा अंत झाला. भुईकोट किल्ल्याच्या बागेत मुलांना घेऊन मी किती वेळा शेंगा खात बसले असेन! त्या बुरुजांचा आणि तुंगभद्रेकाठच्या त्या रिकाम्या गाभाऱ्याचा असा संबंध असेल, हे मला ठाऊकच नव्हते.

विजयनगरच्या स्त्रियांविषयीही थोडे सांगते. बुक्करायाची सून गंगादेवी हिने नवऱ्याच्या मदुरेवरील स्वारीवर संस्कृतात काव्य लिहिले. पण मला जास्त नवल वाटले ते दुसऱ्याच बायकांचे. 1535 च्या सुमारास येथे असलेल्या नुनीज या पोर्तुगिजाने लिहून ठेवले आहे की, राजवाड्यात कुस्ती खेळणाऱ्या बायका होत्या, ज्योतिष सांगणाऱ्या होत्या, आणि आतल्या सर्व खर्चाचा हिशेब लिहिणाऱ्याही बायकाच होत्या. राज्याच्या घडामोडी लिहून ठेवून, बाहेरच्या लेखकांच्या वह्यांशी आपल्या वह्या ताडून पाहणे हे काहीजणींचे कामच होते. सर्वच चांगले होते असे मी म्हणत नाही. त्याच नगरात स्त्रिया सती जात, त्याचीही वर्णने परदेशी प्रवाशांनी केलेली आहेत. पण त्या हिशेबनीस बायकांपैकी एकीचेही नाव नुनीजने दिलेले नाही. महानवमीच्या उंच चौथऱ्यावर हत्ती, घोडे, शिकारी, नाचणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. वही हातात घेतलेली बाई मी शोधली नव्हती, कारण तेव्हा मला हे माहीत नव्हते. आता पुन्हा गेले तर शोधीन.

हे सांगण्याचे कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळाने मला खजिनदार व्हा म्हटले होते, तेव्हा मी नकार दिला होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भिशीचा आणि घरचा हिशेब वेगळा, मंडळाचा वेगळा, वर्षाअखेर एवढ्या शिकलेल्या बायकांसमोर उभे राहून तो कसा वाचायचा, असे वाटले. पाचशे वर्षांपूर्वी एका साम्राज्याच्या वह्या बायका तपासत होत्या हे वाचले आणि स्वतःचीच लाज वाटली. यंदाच्या सभेत मी हो म्हटले आहे. सहलीच्या वर्गणीचे पैसे ज्यांचे राहिले असतील, त्यांनी ते या महिन्यात माझ्याकडे आणून द्यावेत. वही घातली आहे. कोणीही केव्हाही येऊन तपासून पाहावी.