काडतुसावरच्या चिरा

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या बोलींतून आला आणि १८५७ सालीं तो आपल्या इतिहासांत कायमचा रुतून बसला. परंतु तें काडतूस कागदाचें होतें. चरबी लावलेलें, दांतांनीं फोडावयाचें. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे तें त्यानंतरच्या पिढींतलें, पितळी नळकांड्याचें. त्याच्यामुळें बंड कांहीं झालें नाहीं. मात्र घोड्यांच्या पागेंतील उग्र दर्पानें त्याचें पितळ अक्षरशः उघडें पाडलें, आणि तें कसें, याचा उलगडा व्हावयास बराच काळ जावा लागला.

इंग्लंडच्या सैन्यानें १८६६ सालीं स्नायडर बंदूक स्वीकारली. तिचें काडतूस वूलविच येथील कर्नल बॉक्सर यांच्या योजनेप्रमाणें पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनवीत. १८७१ मध्यें आलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीलाही प्रथम असलींच काडतुसें दिलीं गेलीं. तीं तापलेल्या नळींत अडकत. सुदानांत जानेवारी १८८५ मध्यें अबू क्लीच्या लढाईंत शत्रु अंगावर येऊन भिडला असतां शिपाई सुरीच्या टोंकानें नळकांडीं उकरीत बसले, ही गोष्ट फार गाजली. मग गुंडाळी जाऊन अखंड पितळेचें, ओढून काढलेलें नळकांडें सर्रास आलें. दुखणें मात्र तेथें संपलें नाहीं. त्यानें केवळ रूप पालटलें.

हें नळकांडें कसें होतें पाहा. शंभर भागांत सुमारें ७० भाग तांबें आणि ३० भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घेतात, ती दाबून वाटी करतात आणि ती वाटी पुनःपुन्हा ओढून लांब करतात. पुण्याच्या तांबट आळींत जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल त्याला ठाऊक आहे कीं, ठोकून ठोकून पत्रा कडक झाला म्हणजे तांबट त्यास भट्टींत ताव देतो आणि मगच पुढें ठोकतो. न तावलेल्या धातूच्या पोटांत ताण कोंडून राहतो. काडतुसाची मान तर गोळीवर शेवटीं आवळून बसविलेली; तेथें हा ताण सर्वांत अधिक.

आतां हिंदुस्थानांतील छावणीचें चित्र डोळ्यांपुढें आणा. पावसाळ्यांत मोहिमा थांबत, आणि दारूगोळा कोरड्या जागीं हवा म्हणून पुष्कळदां पागांत ठेवीत, असें सांगतात. दिवस पालटल्यावर पेट्या उघडाव्यात तों एकही बार न झालेल्या काडतुसांच्या माना उभ्या तडकलेल्या! इंग्रजींत या विकारास ‘सीझन क्रॅकिंग’ असें नांव पडलें. तें पावसाळी मोसमावरून पडलें कीं वाळतांना लाकडास जातात तशा चिरांवरून पडलें, याविषयीं दोन मतें आहेत. मला पहिलें अधिक गोड वाटतें, इतकेंच.

चीर बारीक दिसते, पण तिचा परिणाम बारीक नव्हे. गोळी सैल होते, दारूस दमट हवा लागते, आणि बार उडाला तर तप्त वायु फटींतून मागें उसळतो. शिपायाचा गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला असतो, हें विसरून चालणार नाहीं.

१९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघां धातुशास्त्रज्ञांनीं या रोगाचें निदान प्रसिद्ध केलें. ताण एकटा पितळेस फोडीत नाहीं, आणि हवा एकटीही फोडीत नाहीं; दोहोंची गांठ पडावी लागते. हवेंतील गुन्हेगार ठरला अमोनिया. कल्हईवाल्याचा नवसागर चुन्याबरोबर चोळला असतां जो नाकास झोंबतो तोच हा वायु. घोड्यांचें मूत्र कुजून तो पागेंत भरून राहतो, ओलाव्याबरोबर पितळेवर बसतो आणि कणाकणांच्या सांध्यांतून आंत शिरतो. पागेची कोरडी जागाच नेमकी घातक ठरली!

येथें एक भेद सांगितला पाहिजे, कारण वापरलेलीं नळकांडीं पुन्हा भरणाऱ्या नेमबाजांना तो जन्मभर उपयोगी पडतो. मानेवर उभी चीर असेल तर पितळ कडक झालें आहे किंवा अमोनियानें खाल्लें आहे. बुडाच्या जरा वर आडवें, चकचकीत कडें उमटलें असेल तर गोष्ट निराळी: बंदुकीच्या पोकळींत काडतुसास मागेंपुढें जागा फार मिळते आहे, पितळ दर बारास ताणलें जाऊन तेथें पातळ झालें आहे, आणि लवकरच नळकांड्याचे दोन तुकडे होणार. जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुकींत ही खूण नेहमीं आढळते. टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली असेल तर दाब जास्त झाल्याची शंका घ्यावी. मात्र त्या एका लक्षणावर निकाल देणारा वैद्य उतावळा समजावा, कारण मऊ टोपी साध्या दाबानेंही चपटते. उभी चीर असो वा आडवें कडें, तें नळकांडें पुन्हा भरूं नये, मोडींत टाकावें. पितळ लखलखीत करावयाच्या कांहीं पातळ औषधांत अमोनिया असतो. तीं काडतुसांस लावणें म्हणजे पागा घरीं आणणें होय.

उपाय निघाला तो तांबटाच्याच घराण्यांतला. ओढून झालेल्या पितळेस २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास सौम्य ताव दिला कीं कोंडलेला ताण सुटतो आणि कणखरपणाही फारसा जात नाहीं. मानेस वेगळा, अधिक कडक ताव देतात. ताण उरला आहे कीं नाहीं हें पाहण्यास नमुना पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणांत बुडवीत. सदोष पितळ तेथें कांहीं मिनिटांतच तडके, पागेंतला सबंध पावसाळा जणू एका पेल्यांत.

मानेस दिलेल्या या तावानें पितळेवर निळसर-तांबूस झांक उमटते. बाजारी काडतुसांचे कारखानदार ती घासून काढतात, पण अनेक देशांच्या लष्करी काडतुसांवर ती तशीच राखतात. नवखा माणूस तिला डाग समजून तें काडतूस बाजूस सारतो. जाणता दुकानदार मात्र तें उचलून प्रथम मानेवरची तीच झांक पाहतो.