तेरा खापऱ्या

नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आचोळे. भातखाचरे बुजवून उठलेल्या इमारतींच्या गर्दीत मी येथे भाड्याने राहतो. रुळांपलीकडे, पश्चिमेला, सोपाऱ्याचा स्तूप आहे. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. लोकस्मृतीने राजाला बुरूड ठरवावे, याचा विचार आमच्या इतिहासकारांनी फारसा केला नाही, हे जाता जाता.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक ठेवलेले आणखी करंडक, आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्यात काय निघाले? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत पडले. असोत वा नसोत; विनयाने भिक्षूला लोखंडाचे व मातीचे, अशी दोनच पात्रे मान्य केली होती. कुणा अनाम कुंभाराचे खापर सोन्यात जपून ठेवणारे लोक या भूमीवर होते, एवढे तर ठरते.

पुढे त्याच मडक्याचे काय झाले? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून ते त्याच्या गळ्यात बांधले गेले. १९३६ साली, होऊ न दिलेल्या भाषणात, बाबासाहेबांनी हे जगापुढे मांडले. मडके घडवणारा कुंभार स्वतः बलुतेदार, सुगीला खळ्यावर हात पसरणारा. पण गावगाड्याने त्याला आमच्याहून वरची पायरी दिली होती आणि ती त्याने जपली. माझी आजी घाटावरची. ती सांगायची, 'कुंभारीण मडकं भुईवर ठिवून लांब व्हायची, मग म्या उचलायचं. वाजवून बघायची सोय न्हवती. हात लागला की घ्यायाच लागायचं, चिरलेलं असलं तरी.'

म्हणून थांबलेल्या चाकाबद्दल हळहळणारे लेख वाचताना माझे मन दुभंगते. ॲल्युमिनियम आले, प्लास्टिक आले, गावोगावचे आवे विझले, हे खरे. या पट्ट्यातली माती वीटभट्ट्यांकडे गेली. तेथे उचलीपायी अडकलेला कातकरी राबतो, हेही खरे. पण आजीने पहिली प्लास्टिकची घागर घेतली तेव्हा दुकानात ती उलटीपालटी करून दहादा पाहिली, आणि दुकानदार काही बोलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आचोळ्याच्या रस्त्यावर एका कुंभारीण मावशींकडून माठ घेतला. 'माती आता इकत आणावी लागते, भाऊ. पोरगा कारखान्यात जातो,' त्या म्हणाल्या. मी तीन माठ वाजवून पाहिले. त्यांनी अडवले नाही. पैसे घेताना मात्र आडनाव विचारले.