नगावर मजुरी आणि टेनिस

सुरतेच्या हिरे कारखान्यांत घासलेल्या नगांवर आणि यंत्रमागांवर विणलेल्या मीटरवर मजुरी मोजण्याची रीत आहे. हात थांबला की कमाई थांबते. व्यावसायिक टेनिसचे अर्थकारणही याच जातीचे आहे. खेळाडूला वेतन नसते. गाठलेल्या फेरीनुसार बक्षिसाची रक्कम मिळते, आणि प्रवास, निवास व प्रशिक्षक यांचा भार बहुधा त्याच्याच शिरावर असतो.

१९७० मध्ये तुटपुंज्या बक्षिसांना कंटाळून नऊ महिला खेळाडूंनी एकेका डॉलरचे करार करून स्वतंत्र वाट धरली. १९७२ मध्ये पुरुषांची संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी निकोला पिलिच यांच्यावरील बंदीच्या निषेधार्थ ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला. विम्बल्डनने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले, ते मात्र २००७ मध्ये.

या लढ्यांची फळे प्रामुख्याने शिखरावरच्यांना मिळाली. २०२३ मध्ये एकेरीतील भारताचा अग्रगण्य खेळाडू सुमित नागल याने बँकेत अवघे ९०० युरो शिल्लक असल्याचे सांगितले. त्याच वर्षी पुरुषांच्या संघटनेने पहिल्या २५० खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना जाहीर केली. २५१ व्या क्रमांकाच्या खेळाडूला मात्र तीत स्थान नव्हते. नगावरची मजुरी म्हणजे काय, हे सुरतकर वाचकाला निराळे सांगावयास नको.