तगर कुठे होतं? स्मृतीच्या तब्येतीची गोष्ट

एआय एजंटच्या आठवणी डेटाबेसमध्ये साठवतात. एसक्यूलाइटला एक आज्ञा दिली की फाइल धडधाकट आहे का ते कळतं. आतलं खरं आहे का, ते मात्र कळत नाही. यावरून मला तेर आठवतं.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरची नोंद आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथलं कापड भडोचला जायचं. शिलाहार राजेही ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे नोंद शाबूत होती, ठिकाणच हरवलं होतं! विल्फर्डनं देवगिरी सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. 1901 मध्ये फ्लीटनं तेर मांडलं. 1958 मध्ये चापेकरांनी इथं उत्खनन केलं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तू आज त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत.

एजंटनं ‘तगर म्हणजे धारूर’ एवढंच जपलं असतं, तर तपासणीत तो पासच झाला असता. म्हणून मी म्हणतो, प्रत्येक आठवणीसोबत तीन गोष्टी हव्यात: कुणी सांगितलं, कधी, आणि कशावरून. त्या असल्या की जुनी समजूत खोडता येते. नाहीतर तीच ठामपणे पुढे जाते, आणि तेरच्या मातीत कुणी कुदळ मारायला येतच नाही.