अंधारातला भारत आणि केसरबाईंची भैरवी

अंतराळातून दिसणारी पृथ्वी, चंद्र यांच्या चित्रफिती हल्ली आपण सगळेच मोबाइलवर पाहतो. मागे संथ संगीत असतंच. पण अवकाशाच्या पोकळीत आवाज पोहोचत नाही. संगीत आपणच जोडतो. का जोडतो बरं? उत्तरासाठी १९७७ सालात जाऊ.

त्या वर्षी ५ सप्टेंबरला अमेरिकेचं ‘व्हॉयेजर १’ यान उडालं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी होती. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरातून २७ संगीतरचना निवडल्या. त्यांत भारतातली एकच, केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या.

१६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दोनच दिवसांनी, १८ तारखेला, यानाने सुमारे १ कोटी १७ लाख किलोमीटरवरून पृथ्वी आणि चंद्र एकाच चौकटीत टिपले. यानाने टिपलेलं असं हे पहिलंच चित्र. वर्ध्याहून पाहताना चंद्र वर असतो, आपण खाली. या चित्रात दोघंही दूर, दोघांचीही नुसती कोर. चंद्र इतका मंद होता, की तो नीट दिसावा म्हणून चित्र तयार करताना तिप्पट उजळावा लागला.

आता गंमत पाहा. त्या वेळी यान एव्हरेस्टच्या बाजूला होतं आणि तिथे रात्र होती. म्हणजे भारत यानासमोर होता, पण अंधारात. चित्रात तो दिसत नाही. त्याचा आवाज मात्र कॅमेऱ्यासोबत, त्याच यानावर होता.

मला वाटतं, आपण संगीत जोडतो ते याचसाठी. चित्र सांगतं, ‘ती पृथ्वी तिथे आहे.’ गाणं सांगतं, ‘तिच्यावर कुणीतरी श्वास घेत होतं.’ लाखो किलोमीटरवरून माणूस दिसत नाही. ऐकू मात्र येऊ शकतो.

कुणी म्हणेल, ही तर दृश्यावर लादलेली भावना. असेलही. पण चंद्रही उजळावा लागलाच ना! प्रश्न एवढाच, की जोडलेल्या सुरांनी दृश्य अधिक कळतं, की नुसतं गोड होतं? कुणाचंच नसलेलं गुळगुळीत संगीत दुसरं काम करतं. केसरबाईंचा खडा आवाज पहिलं.

एकदा करून पाहा. आधी ते चित्र निःशब्द पाहा, मग ही भैरवी लावून. मैफल संपताना भैरवी का गातात, तेही त्या वेळी कळेल.