त्रैराशिक: फळ्यावरचं आणि वॉर्डातलं

स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सहलीच्या नाहीतर स्नेहसंमेलनाच्या आठवणी लिहायच्या, असं मी ठरवलं होतं. पण मागच्या वर्षी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने माझी एक चूक पकडली. त्या चुकीचा माग काढता काढता मी थेट आपल्या गणिताच्या तासाला जाऊन पोचले. तीच हकीकत आणि तिच्यामागचा थोडा इतिहास इथे लिहिते. नाव घालायचं नाही, या अटीवर तिने परवानगी दिली आहे. ओळखणारे ओळखतीलच.

५ पेन्सिलींना १५ रुपये पडतात, तर ८ पेन्सिलींना किती? असं गणित सर फळ्यावर लिहायचे आणि कुणाला तरी उठवायचे. आमची ही मैत्रीण उठली की खडू हातात धरून नुसती उभी राहायची. कशाने गुणायचं आणि कशाने भागायचं, हेच तिला कळायचं नाही. दहावीला गणितात ती जेमतेम पास झाली. मी पुढे इंजिनिअरिंगला गेले, ती नर्सिंगला. आज ती एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सिस्टर इन्चार्ज आहे आणि नव्या मुलींना औषधाच्या डोसाची गणितं शिकवते.

हे कसं घडलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "अगं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला डोसाची गणितं आहेत हे कळल्यावर मी घरी परत जायला निघाले होते." ट्यूटर मॅडमनी फळ्यावर सूत्र लिहिलं: हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले तो डोस जेवढ्या द्रवात आहे ते माप. मग त्यांनी जेंटामायसिनची एक अँप्युल प्रत्येकीच्या हातात दिली. तिच्यावर छापलं होतं, २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलंय ६० मिलिग्रॅम. किती ओढाल? मात्र आकडेमोडीआधी मॅडमचा एक प्रश्न असायचा: "अख्खी अँप्युल लागेल, की कमी, की जास्त?" कमी लागेल, हे तिला बघताक्षणी कळलं. मग ६० भागिले ८०, गुणिले २. उत्तर दीड मिलिलिटर. "आपल्या पेन्सिली मला कधी दिसल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "अँप्युल हातात होती."

ते सूत्र ऐकताना मला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. घरी येऊन पुस्तकं काढली आणि खात्री झाली. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीय' लिहिलं, त्यात त्रैराशिकाचा नियम आहे. फलाला इच्छेने गुणावं आणि प्रमाणाने भागावं. ११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हाच नियम उदाहरणांसह दिला. त्यातलं एक गणित केशराचं आहे: ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला आहे.

आता नर्सिंगचं सूत्र पुन्हा पाहा. हाताशी असलेला डोस हे प्रमाण, त्याचं द्रवाचं माप हे फल आणि डॉक्टरांनी लिहिलेला डोस ही इच्छा. इंग्रजी पुस्तकातही त्या डोसाला 'डिझायर्ड' म्हणतात, म्हणजे इच्छाच! मी हे मैत्रिणीला सांगितलं तर ती खळखळून हसली. "म्हणजे मी दीड हजार वर्षं जुन्या गणितात नापास होत होते तर!"

नियम तोच राहिला, मापं मात्र बदलत गेली. आपल्या आजी-आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेत, कारण व्यवहारच तसा होता. १६ आण्यांचा रुपया, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. दवाखान्यात इंग्रजी औषधविक्रेत्यांची मापं चालत: २० ग्रेनचा स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळादेखील १८० ग्रेनचा ठरवून टाकला होता. १९५७ च्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. १९५८ पासून मेट्रिक वजनं लागू होऊ लागली आणि १९६२ पर्यंत जुनी मापं कायद्याने बाद झाली. तरी ग्रेन पुरता गेलेला नाही. पॅरासिटामॉलची गोळी ३२५ किंवा ६५० मिलिग्रॅमची का असते, ३०० किंवा ६०० ची का नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ती ५ ग्रेन आणि १० ग्रेनची जुनी गोळी आहे, नवे कपडे घातलेली.

मुलांच्या डोसाचाही असाच इतिहास आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रात दोन फटींचा प्रयोग होता, तो करणारे थॉमस यंग पेशाने डॉक्टर होते. १८१३ मध्ये त्यांनी एक ठोकताळा दिला. मुलाच्या वयाला वय अधिक १२ ने भागायचं आणि मोठ्या माणसाच्या डोसाने गुणायचं. चार वर्षांच्या मुलाला ४ भागिले १६, म्हणजे पाव डोस. सोपं आहे, पण त्यात वजन नाही. चार वर्षांचं गुटगुटीत मूल आणि चार वर्षांचं हडकुळं मूल, दोघांना तेवढंच औषध! म्हणून आता बहुतेक औषधांचे डोस वजनाच्या दर किलोला इतके मिलिग्रॅम, असे काढतात. मैत्रीण सांगते की तिच्या नव्या मुली सूत्र कधी विसरत नाहीत, मुलाचं आजचं वजन बघायला विसरतात.

दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला, हे खरंच. पण पावकी-निमकीत चुकलं तर बहुधा दुप्पट किंवा निम्मं व्हायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दसपट होतं आणि मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम वाचलं तर हजारपट फरक पडतो. जुन्या मापांतही ग्रेन आणि ग्रॅम यांच्या खुणा सारख्या दिसायच्या, तोही सापळा होताच. धोका गेला नाही, त्याने जागा बदलली.

आता माझी चूक. मी ज्या कंपनीत काम करते तिथे रुग्णालयांसाठी औषधांच्या नोंदीची प्रणाली बनते. डोसांचा रकाना नीट एका ओळीत दिसावा म्हणून मी सगळे आकडे एका दशांश स्थळापर्यंत दाखवले होते. प्रणाली रुग्णालयात जायच्या आधी नमुन्याचा एक स्क्रीन सहज म्हणून मैत्रिणीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन.

"हे ५.० काय लिहिलंयस?"

"पाच."

"रात्री तीन वाजता, मिणमिणत्या उजेडात, टिंब दिसलं नाही तर किती?"

मी गप्प. ५० झालं असतं.

माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, कारण संगणकाला ५.० आणि ५ सारखेच. शाळेतही मला त्याचे पूर्ण गुण मिळाले असते. वॉर्डात ते सारखे नाहीत. पूर्णांकापुढे दशांश शून्य लिहायचं नाही आणि ०.५ मधलं पुढचं शून्य गाळायचं नाही. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण त्याचं इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखं दिसतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने तर २००४ मध्ये अशा लेखनाची निषिद्ध यादीच काढली. मी त्याच दिवशी तो भाग दुरुस्त केला आणि संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे स्क्रीनही तपासले.

त्यानंतर तिने मला पुढची गणितं घातली. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेटला एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? सुमारे ४२. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत तिचं तोंडी झालं होतं. वर ती म्हणाली, "म्हणजे पंधरा सेकंदांत दहा-अकरा. घड्याळ बघत मोज." मग इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं मिळतं आणि १०० युनिटचंही. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात किती गेलं? २५ युनिट. अडीचपट. ज्यांच्या घरी कुणी इन्सुलिन घेतं त्यांनी आज बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडे जुळवून पाहावेत, एवढी माझी विनंती.

सर, तुम्ही उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायचात. त्या अर्ध्या गुणासाठी आम्ही किती कुरकुर केली होती! परवा मैत्रिणीच्या वॉर्डात गेले होते. एका शिकाऊ मुलीने वहीत नुसतं १.५ लिहिलं होतं. सिस्टर इन्चार्जबाईंनी वही परत केली आणि म्हणाल्या, "१.५ काय? पेन्सिली?"

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. तिने मुकाट्याने पुढे 'मिलिलिटर' लिहिलं. आम्ही दोघी मात्र हसू आवरत तोंड फिरवून उभ्या होतो.