डबल मार्करचा आकडा वाचताना

तेरमधल्या एखाद्या गर्भवतीला तिसऱ्या महिन्यात डॉक्टर ‘डबल मार्कर’ लिहून देतात. रक्ताचा नमुना बाहेरगावच्या लॅबमध्ये जातो आणि काही दिवसांनी कागद हाती येतो: डाऊन सिंड्रोम, १:१८०, हाय रिस्क. घर हबकते ते शेवटच्या दोन शब्दांनी. वाचायला हवा तो आकडा.

१:१८० म्हणजे असाच निकाल आलेल्या १८० गर्भवतींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता. उरलेल्या १७९ जणींच्या बाळांना तो नसतो. अनेक लॅब १:२५० ही सीमा धरतात. त्यामुळे १:२४० ‘हाय’ आणि १:२६० ‘लो’ ठरते, जरी दोघींच्या शक्यतेत नाव घेण्याजोगा फरक नसतो.

हा आकडा आईच्या वयापासून सुरू होतो. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत बाळात येण्याची, म्हणजेच डाऊन सिंड्रोमची, शक्यता पंचविशीत साधारण १,२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असते. मग ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी, आणि रक्तातले पॅप-ए व बीटा-एचसीजी हे दोन घटक त्यात मिळवतात. पॅप-ए कमी, बीटा-एचसीजी जास्त आणि जाडीही जास्त असेल, तर शक्यता वाढते.

म्हणूनच लॅबचा फॉर्म भरताना हयगय नको. आपल्याकडे कितीतरी जणींची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून असते आणि वर्षही अंदाजाचे. तिशीच्या पुढे दोन-तीन वर्षांची चूक निकाल फिरवू शकते. वजन अंदाजाने सांगितले किंवा गर्भाचे दिवस सोनोग्राफीऐवजी आठवणीवर मोजले, तरी हिशेब चुकतो. ‘हाय रिस्क’ वाचल्यावर आधी या नोंदी ताडून पाहाव्यात.

आता १०,००० गर्भवतींचा हिशेब मांडू. ८०० त एक धरले, तर साधारण १२ बाळांना डाऊन सिंड्रोम असेल. एनटीसह केलेली ही चाचणी त्यांतली १० ते ११ पकडते. पण निरोगी बाळांच्या सुमारे ५०० मातांनाही ‘हाय रिस्क’ म्हणते. आणि एक-दोन बाळे ‘लो रिस्क’मध्ये निसटतात. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा तेरला सांगायला नको. तिथे थापटताच निवाडा झाला. डबल मार्करला निवाड्याचा अधिकार नाही. पुढे कोणाला तपासायचे, एवढेच ती सांगते.

पुढचा टप्पा एनआयपीटीचा असू शकतो. आईच्या रक्तात वारेचे डीएनए उतरते, ते यात तपासतात. ही चाचणी डाऊन सिंड्रोमची शंभरातली सुमारे ९९ प्रकरणे ओळखते, तरीही ती चाळणीच. तरुण मातेचा ‘पॉझिटिव्ह’ निकालही खोटा ठरू शकतो. पक्के निदान वारेच्या नमुन्यातून किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून होते. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, साधारण २०० त एक किंवा त्याहून कमी. केवळ चाळणीच्या कागदावर गर्भ पाडायला निघणे, हे माझ्या मते सर्वांत अनर्थकारक पाऊल आहे.

दिरंगाईही महागात पडते. २०१७ मध्ये महाराष्ट्रातली ३७ वर्षांची एक गर्भवती २६ व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. बाळाला डाऊन सिंड्रोम होता. आईच्या जिवाला धोका नसल्याने न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भातील गंभीर दोषासाठी ती २४ आठवडे झाली. त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवते. धाराशिव, लातूर वा सोलापूरच्या फेऱ्या आणि निकालाची वाट यांत आठवडे सरतात, हे लक्षात ठेवून तारखा आधीच ठरवा.

निदान पक्के झाल्यावरही अनेक आईबाप बाळ ठेवतात. तो निर्णय त्यांचा. सासरचा किंवा लॅबचा नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, म्हणून पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या आणि नवजात बाळांवर उपचार होतात अशाच ठिकाणी बाळंतपण ठरवा.